अंड्याचे सँडविच आणि पुरणाची चाळण

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मेयोनीजची बरणी उचलली आणि सवयीने फिरवून पाहिली, तर नावाखाली ठळक अक्षरांत 'एगलेस' आणि शेजारी शाकाहाराचा हिरवा ठिपका. बाजूची बरणी पाहिली, तीही तशीच. तिसरी लसणाची, चौथी तंदुरी चवीची, आणि सगळ्या बिनअंड्याच्या. मी अंड्याच्या सँडविचसाठी सामान घ्यायला गेले होते, आणि ज्या पदार्थाची घडीच मुळात अंड्याच्या बलकामुळे बसते तो पदार्थ अंड्याला वगळून फळीवर रांगेने उभा होता. दुकानदाराला विचारले, तर "ताई, अंड्याचं कुणी मागतच नाही" एवढे सांगून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते खरेच असणार. मी रिकाम्या हाताने घरी आले आणि त्या दिवसापासून या साध्या दिसणाऱ्या सँडविचच्या मागे जरा जास्तच लागले.

हे सँडविच मी प्रथम खाल्ले ते न्यू जर्सीत. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे तिथे होतो आणि घराजवळच्या डेलीत, म्हणजे तयार खाणे विकणाऱ्या दुकानात, काचेमागे पसरट भांड्यांत फिकट पिवळा, दिसायला अगदी सामान्य असा एक गोळा ठेवलेला असे. आइस्क्रीमच्या डावाने तो पावावर ठेवत, वरून दुसरा काप दाबत आणि मधोमध कापून कागदात गुंडाळून देत. त्यात भाजी नाही, मसाला नाही, चटणी नाही. पहिल्या घासाला मला ते आजारी माणसाचे जेवण वाटले. चौथ्या घासाला मात्र लक्षात आले की मी आजवर अंडे कांदा, मिरची आणि हळदीच्या आडूनच खात आले होते, आणि नुसत्या अंड्याला स्वतःची इतकी भरीव चव असते हे मला ठाऊकच नव्हते.

पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांनी अशा डेली तिकडे रुजवल्या. त्यांच्या आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. अंडे मात्र या दोहोंपैकी कशातच धरले जात नाही, त्यामुळे ते कोणत्याही ताटात निर्धास्त बसते. आमच्या घरी ते कोणत्याच ताटात निर्धास्त बसत नाही. सासूबाई अंडे खात नाहीत, बाकीचे तिघे खातात. गेली अठरा वर्षे अंड्याचे पातेले वेगळे आहे आणि ते मागच्या गॅलरीत स्वतंत्र खिळ्यावर टांगलेले असते. या पातेल्याचा पुढे संबंध येणार आहे.

आधी नावाविषयी. तिकडे याला 'एग सॅलड सँडविच' म्हणतात. आपल्याकडे सॅलड म्हटले की काकडी, गाजर आणि कोबी डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे 'एग सॅलड' ऐकून माझ्या बहिणीने पानांवर ठेवलेल्या अंड्याच्या फोडींची कल्पना केली होती. अमेरिकेत मात्र बटाटा, कोंबडी, ट्यूना किंवा अंडे असे काहीही चिरून किंवा कुस्करून मेयोनीजमध्ये कालवले की त्याचे सॅलड होते. आपल्या भाषेत सांगायचे तर ते अंड्याचे भरीत आहे. वांग्याचे भरीत ज्या कारणांनी फसते, म्हणजे जास्त पाणी, जास्त दही आणि जास्त लुडबुड, नेमक्या त्याच कारणांनी हेही फसते. बॉस्टनच्या पाककला शाळेच्या फॅनी फार्मर यांनी 1896 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अंड्याच्या सँडविचची कृती जेमतेम चार ओळींची आहे: पांढरा भाग बारीक चिरावा, बलक चाळणीतून दाबून काढावा, मीठ-मिरी घालावी आणि मेयोनीजने ओलसर करावे. त्यानंतर सव्वाशे वर्षांत लोकांनी त्यात पुष्कळ काही घालून पाहिले, पण त्या चार ओळींतले काही कमी करणे कुणाला जमलेले नाही.

खरी मेहनत अंडी उकडण्यात आहे. आपल्याकडे अनेक घरांत अंडी कुकरमध्ये उकडतात, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. टरफल सुटायला ते बरे पडते, परंतु कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळपास जाते आणि अंड्याला इतक्या उष्णतेची मुळीच गरज नसते. पांढरा भाग 62 अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो आणि बलक 65 ते 70 अंशांत धरतो. त्यापुढची सगळी उष्णता अंडे बिघडवण्याच्या कामी येते. जास्त शिजलेल्या अंड्यात पांढऱ्या भागातील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो आणि बलकाभोवती ती मळकट हिरवी कड उमटते. नुसते अंडे मीठ लावून खाताना ती कड खपून जाते. कुस्करल्यावर मात्र सगळ्या मिश्रणाला राखाडी छटा येते, वास येतो, आणि मग तो वास झाकण्यासाठी माणूस कांद्याकडे धावतो.

मी करते ते असे. पातेल्यात अंडी पूर्ण बुडतील त्याहून बोटभर जास्त पाणी घेऊन ते आधी खळखळून उकळवते, मग फ्रिजमधली सहा अंडी झाऱ्यावरून एकेक करून अलगद सोडते, आच मध्यम करते आणि घड्याळ लावून 11 मिनिटे थांबते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने आमच्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. मुंबईच्या बहिणीला मी अर्धा मिनिट कमी सांगते. थंड पाण्यात अंडी घालून ते हळूहळू तापवण्यापेक्षा उकळत्या पाण्यात सोडलेली अंडी चांगली सोलली जातात, कारण एकदम बसलेल्या उष्णतेने पांढरा भाग आतल्या पातळ पडद्याला चिकटायच्या आत घट्ट होतो. वेळ संपली की अंडी ताबडतोब बर्फाच्या पाण्यात. गॅस बंद करून ती त्याच पाण्यात तशीच राहू देणे हा आळस मी पूर्वी करत असे, आणि हिरवी कड त्यातूनच येत असे.

दुसरी गोष्ट अंड्यांच्या वयाची. इतर सगळ्या बाबतींत ताजे ते चांगले, पण सोलायचे अंडे सात-आठ दिवसांचे असलेले बरे. ताज्या अंड्याचा पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो आणि पडद्याला घट्ट धरून राहतो. दिवस जातील तसा टरफलाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्या भागाची अल्कधर्मिता वाढते आणि ती पकड सुटते. दुकानातल्या अंड्यावर तारीख क्वचितच असते, म्हणून मी वाडगाभर पाण्यात अंडे सोडून पाहते. तळाशी आडवे पडले तर ताजे, तळाला टेकून उभे राहिले तर आपल्या कामाचे, आणि तरंगले तर सरळ बाहेर. सोलताना बोथट टोकाकडून सुरुवात करावी, कारण तिथे हवेची पोकळी असते आणि बोटाला शिरायला जागा मिळते. अंडे नळाखाली धरून अंगठा पडद्याच्या खाली सरकला की टरफल मोसंबीच्या सालीसारखे सलग निघते. न सरकला तर पांढरे लचके निघतात, पण आपल्याला ते कुस्करायचेच असल्याने फार वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

सोललेली अंडी मी स्वच्छ पंचावर फिरवून कोरडी करते. हे मुद्दाम सांगते, कारण या सँडविचचा शत्रू पाणी आहे आणि ते कुठून शिरेल याचा नेम नसतो.

कुस्करण्याच्या बाबतीत बहुतेक लोक काट्याने किंवा पावभाजीच्या मॅशरने सगळे एकत्र चेचतात. त्याने लगदा होतो आणि पांढऱ्या भागाचे रबरी तुकडे बलकात लपून बसतात. फॅनी फार्मर यांची पद्धत वाचल्यावर मला आपली पुरणाची चाळण आठवली. जाळी नेमकी तेवढीच, कड धरायला सोयीची, आणि उकडलेला बलक म्हणजे जवळजवळ शिजलेली हरभऱ्याची डाळच. मी ती फडताळातून काढून ओट्यावर ठेवली, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पुरणाच्या चाळणीला अंडं लावणार आहेस का तू?"

"नाही आई, नुसती बघत होते."

"बघून झालं असेल तर ठेव वर."

चाळण वर गेली. चहाची एक जुनी स्टीलची गाळणी त्या दिवसापासून अंड्याच्या पातेल्यासोबत गॅलरीतल्या खिळ्यावर आली आणि खरे सांगायचे तर तिनेच काम जास्त चांगले होते. गाळणी वाडग्यावर उपडी धरायची आणि तिच्या फुगीर बाजूवर बलक ठेवून चमच्याने दाबायचा. आतून तो बारीक, कोरड्या, पिवळ्या रव्यासारखा भुरभुर खाली पडतो. पांढरा भाग सुरीने साधारण मटाराच्या निम्म्या आकाराचा चिरते. त्यामुळे दाताखाली काहीतरी येते, आणि बलक मेयोनीजमध्ये असा विरघळतो की निम्मे दाटपण त्यानेच येते. परिणामी मेयोनीज कमी लागते.

आता त्या मेयोनीजचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. खरे मेयोनीज म्हणजे कच्च्या बलकात थेंब थेंब तेल घालत फेटलेले मिश्रण. बलकातील लेसिथिन नावाचा घटक तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात सुटे धरून ठेवतो. बिनअंड्याच्या बरण्यांत तेच काम स्टार्च, डिंक किंवा दुधाची भुकटी करते आणि चव सावरायला साखर असते. ते मी वापरून पाहिले. सँडविच गोड झाले, आणि शाळेच्या डब्यातल्या क्रीम बिस्किटाची आठवण आली. दुसरीकडे, कच्च्या अंड्याचे मेयोनीज घरी करण्यात साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो. तेलंगणाने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली ती विषबाधेच्या भीतीपोटीच. आपल्या उन्हाळ्यात आणि आपल्या वीजपुरवठ्याच्या भरवशावर मी तो धोका पत्करत नाही.

मार्ग फ्रेंच स्वयंपाकात सापडला. तिकडे ग्रिबीश नावाचा सॉस उकडलेल्या बलकात तेल घोटून करतात. उकडलेल्या बलकाची पकड कच्च्याइतकी घट्ट नसते, पण सँडविचला ती पुरेशी आहे. सहा अंड्यांपैकी दोन बलक वाटीत घेते, चमचाभर फेसलेली मोहरी आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून गुळगुळीत पेस्ट करते आणि मग पाव वाटी सूर्यफुलाचे तेल अगदी थेंबाथेंबाने घालत घोटते. पहिल्या वेळी धीर सुटला, तेल धारेने ओतले आणि मिश्रण फाटले. वाटीत पिवळी कणी खाली आणि तेल वर, चक्क फुटलेल्या रश्श्यासारखे. ते टाकून दिले नाही. दुसऱ्या वाटीत चमचाभर कोमट पाणी घेऊन फाटलेले मिश्रण त्यात थोडे थोडे घोटत गेले आणि ते पुन्हा मिळून आले. शेंगदाण्याचे तेल वापरू नये, त्याचा वास अंड्यावर स्वार होतो. चक्का घालूनही पाहिला. चांगला लागतो, पण मग ते अंड्याचे रायते होते आणि मूळ सँडविच बाजूला राहते.

मोहरीसाठी परदेशी बाटली लागत नाही. आपण लोणच्याला किंवा केळ्याच्या रायत्याला मोहरी फेसतो तशीच फेसावी: चमचाभर मोहरीची बारीक पूड, दोन चमचे गार पाणी, आणि नाकात झणका जाईपर्यंत घोटणे. मोहरी कुटून पाण्यात भिजली की तिच्यातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागे होते आणि तिखटपणा तयार होतो. आंबट आधीच घातले तर ते विकर मंदावते. म्हणून दहा मिनिटे मोहरी नुसत्या पाण्यात राहू द्यावी आणि लिंबू त्यानंतर घालावे. हे आजीला विकराचे नाव न घेता ठाऊक होते.

मीठ अर्धा चमचा, ताजी कुटलेली मिरी, पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग अगदी बारीक चिरून दोन चमचे. अमेरिकेत सेलरी घालतात आणि पुष्कळ जण डिल नावाची पालेभाजी घालतात. डिल म्हणजे आपला शेपू. शेपूचे नाव काढताच जेवणावरून उठणारा माझा मुलगा न्यू जर्सीत तेच सँडविच मिटक्या मारत खात असे, आणि हे रहस्य मी त्याला अजून सांगितलेले नाही. कोवळ्या शेपूचे चार तुरे सहा अंड्यांना पुरतात. काकडी, टोमॅटो आणि कच्चा कांदा मात्र नको. हे तिन्ही मीठ लागताच पाणी सोडतात.

याची शिक्षा मी एकदा भोगली आहे. मुंबईला लग्नाला जाताना आदल्या रात्री आठ सँडविच करून ठेवली, काकडी-टोमॅटोचे काप घालून, पावाला काहीही न लावता, आणि अंडी अर्थातच कुकरमधली. सकाळच्या वातानुकूलित डब्यात कर्जत गेल्यावर डबा उघडला. आधी वास बाहेर आला. समोरच्या काकूंनी पदर नाकाला लावला आणि अतिशय सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग मी एक सँडविच उचलले, तर खालचा काप डब्यातच राहिला, भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा. आम्ही स्टेशनावर वडापाव खाल्ला. नंतर विचार केला तेव्हा वाटले, खाल्ले गेले नाही हेच बरे झाले: असे मिश्रण फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर 32 अंशांहून जास्त उष्मा असेल तर एका तासाहून जास्त नाही, असे अमेरिकेचे कृषी खाते सांगते.

तेव्हापासून बटरशिवाय पाव नाही. बटर इथे चवीपेक्षा राखणदार म्हणून जास्त लागते. स्निग्ध थर पाण्याला पावात शिरू देत नाही. मुंबईचा रस्त्यावरचा सँडविचवाला हिरव्या चटणीखाली आधी बटर फासतो, त्यामागे हेच शहाणपण आहे. बटर मऊ असावे, वितळलेले नसावे, आणि ते थेट कडांपर्यंत पोहोचावे. पाव साधा पांढरा, चौकोनी, आदल्या दिवशीचा, कारण अगदी ताजा पाव सुरीखाली दबून चिकट होतो. भाजायचा नाही. भाजलेल्या पावाची कडक कड आत मऊ सारण असताना टाळूला टोचते आणि चावताना सारण मागच्या बाजूने बाहेर येते. मिश्रण कालवल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू द्यावे, आणि त्यानंतरच मीठ चाखून पाहावे, कारण गार पदार्थात मीठ कमी लागते. सहा अंड्यांत चार सँडविच भरघोस होतात. अंडे स्वस्त, पाव स्वस्त, त्यामुळे हा पदार्थ तिकडेही गरीब-श्रीमंत दोघांचा आहे; ऑगस्टा नॅशनल या मैदानावर दर एप्रिलमध्ये होणाऱ्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेत, जिथे प्रवेशिका मिळवण्यासाठी लोक जिवाचे रान करतात, तिथे हे सँडविच कित्येक वर्षे दीड डॉलरला विकले जात आले आहे.

इंग्लंडमध्ये हेच सँडविच 'एग अँड क्रेस' म्हणून दुकानादुकानांत असते. हे क्रेस काय असावे याचा शोध घेतला तेव्हा मला हसू आले. ते म्हणजे अळीव. बाळंतिणीला नारळाबरोबर लाडू करून देतो तेच अळीव, फक्त मोड येऊन दोन इंच वाढलेले आणि कात्रीने कापलेले. डब्यातले अळीव होतेच. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओला कापूस पसरला आणि त्यावर अळीव विरळ पेरले, कारण ते पाणी लागताच बुळबुळीत होतात आणि दाट पडले तर एकमेकांना चिकटून कुजतात. दोन दिवसांत पांढरे मोड आले, आठव्या दिवशी हिरवेगार गवत तयार झाले. चव मोहरीसारखी झणझणीत, आणि ते साहजिक आहे, कारण दोन्ही एकाच कुळातील वनस्पती आहेत. सारणावर या पाल्याचा पातळ थर दिला की गुळमट अंड्याला नेमकी धार येते.

मागच्या रविवारी चार सँडविच तिरकी कापून ताटलीत ठेवली, तेव्हा सासूबाई तो आइस्क्रीमचा डबा हातात घेऊन उन्हात न्याहाळत होत्या.

"हे अळीव आपलेच ना? अंड्याला लागलेले नाहीत ना?"

"नाही आई, आताच कापलेत."

त्यांनी स्वतःच कात्री मागितली, मूठभर पाला कापला, पावाच्या एका कापावर बटर लावले आणि त्यावर तो पसरून मीठ भुरभुरले. दुसरा काप वर ठेवायच्या आधी थोडी मिरीही मागून घेतली.